मराठी माणसाला एस्पेरांतोचे उच्चार जमतील का? शब्द देवनागरीत लिहून शिकले तर चालेल?

तुमचं शिक्षण मराठी माध्यमात झालंय, म्हणून एस्पेरांतो या मुद्दाम तयार केलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेचे उच्चार जमतील का अशी शंका तुम्ही विचारली आहे आणि शब्द देवनागरीत लिहून पाठ करायचा बेत आहे. उच्चार नक्की जमतील, हिंदी भाषकापेक्षाही लवकर. देवनागरीत मात्र लिहू नका, कारण जो फरक तुमच्या जिभेला आधीच येतो तोच आपली लिपी लपवते.

तुम्हीही ठाण्याचेच, तर ‘जांभळी नाका’ आणि ‘जिल्हा परिषद’ मोठ्याने म्हणून बघा. अक्षर एकच, पण जांभळीतला ज दातांमागे होतो आणि जिल्ह्यातला टाळूपाशी. हिंदी भाषक बहुधा दोन्हीकडे जिल्ह्याचाच ज लावतो आणि आपल्या कानाला ते लगेच खटकतं. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतही हाच फरक आहे. लिहिताना आपण तो दाखवत नाही, सवयीने ओळखतो.

एस्पेरांतोचे निर्माते झामेनहॉफ यांनी १८८७ साली वॉर्सात ही भाषा जाहीर केली. तिच्या मूळ सोळा नियमांपैकी नववा सांगतो की शब्द जसा लिहिला तसाच वाचायचा. त्यामुळे दोन च ना दोन अक्षरं मिळाली: साधा ‘सी’ म्हणजे चहातला च, डोक्यावर टोपी असलेला ‘सी’ म्हणजे चिमणीतला च. साध्या ‘सी’ने लिहिलं तर ‘ध्येय’ आणि टोपीवाल्याने लिहिलं तर ‘पेशी’, असे दोन वेगळे शब्द आहेत. देवनागरीत दोन्ही ‘चेलो’च होतील. हवं तर वेगळेपणा दाखवायला अक्षराखाली टिंब, म्हणजे नुक्ता, द्या, पण मग सरळ मूळ अक्षरंच का शिकू नयेत?

आता खरी अडचण. मराठीत इ किंवा ए आला की च बहुतेक वेळा टाळूकडे सरकतो: चिमणी, चेहरा, चेंडू. एस्पेरांतोत तसं होऊ द्यायचं नाही. ‘शंभर’साठीचा शब्द ‘त्सेन्त’ आहे, ‘चेन्त’ नव्हे. सरावाला शब्द आपल्याकडेच आहेत: ‘कुत्सित’मधला त्सि आणि ‘चिकित्सेला’मधला त्से. हे दोन घोळवून म्हटले की बाकीचं सोपं होतं. ‘विज्ञान’साठी ‘स्त्सिएन्त्सो’ म्हणायचं असतं. इंग्रजीतून येणारे तिथे अडखळतात, आपल्याला जोडाक्षरांची सवय असते.

स्वर पाचच: आ, ए, इ, ओ, उ. आपला ‘अ’ तिथे नाही. ‘मित्र’ म्हणजे ‘आमीको’. ‘अमिको’ म्हटलंत तर कळेल, पण कानाला बरं वाटणार नाही. जोर कायम शेवटून दुसऱ्या स्वरावर, म्हणून ‘कुटुंब’ हा शब्द फा-मि-ली-ओ असा चार तुकड्यांत, ‘ली’वर जोर देऊन म्हणायचा. ‘फामिल्यो’ करू नका, आपण ते घाईत हमखास करतो. आणि ‘टी’ दिसला की इंग्रजीच्या सवयीने ट म्हणू नका, त म्हणा. ‘टेबल’ला ‘ताब्लो’ म्हणतात.

टोपीवाल्या अक्षरांवर सुरुवातीपासून टीका होत आली आहे. १९०७ साली सुधारक मंडळींनी एस्पेरांतोवरूनच ‘इदो’ नावाची भाषा काढली आणि तिच्यातून टोप्या काढून टाकल्या. मला टोप्याच पटतात. एका ध्वनीला एक अक्षर हा हिशेब त्यांच्यामुळे टिकतो, आणि सोय म्हणून तो मोडला तर या भाषेचं मोठं बळ जातं.

टाइप करताना टोपी मिळत नसेल तर त्या अक्षरापुढे ‘एक्स’ टाका, बरेच लोक तसंच करतात. एस्पेरांतोच्या २८ अक्षरांत ‘एक्स’ नाहीच, त्यामुळे घोटाळा होत नाही. झामेनहॉफ यांनी स्वतः अशा वेळी ‘एच’ जोडायला सांगितलं होतं, पण ‘एच’ हे या भाषेचं स्वतःचं अक्षर आहे, म्हणून मी ‘एक्स’च वापरतो. वहीत लिहिताना मात्र टोपी घालाच.