एचओ स्केलच्या बीव्हीझेडआय ब्रेक व्हॅनला नेमकी कोणती बोगी लावावी?

तुम्ही लिहिलंय की मॉडेल रेल्वेसाठी थ्रीडी प्रिंट केलेली बीव्हीझेडआयची बॉडी हातात आली, तिच्यासोबत अमेरिकन मालडब्याच्या बोग्या (इथे बोगी म्हणजे डबा नव्हे, डब्याखालची चाकांची चौकट) मिळाल्या, त्या लावल्यावर गाडी पळते छान, पण बाजूने बघताना काहीतरी खटकतं. खटकणारच. बीव्हीझेडआय हा मालगाडीच्या शेपटीला लागणारा गार्डचा डबा असला, तरी त्याच्या खाली मालडब्याची बोगी नसते. प्रवासी डब्याची असते, म्हणजे पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या डब्यांखाली आपण वर्षानुवर्षं बघत आलोय तीच आयसीएफ बोगी. नावातला शेवटचा ‘आय’ तिचाच.

आधी एक खात्री करून घ्या. तुमची बॉडी खरोखर बीव्हीझेडआयचीच आहे ना? बीव्हीझेडसी हा चार चाकी डबा, त्याला बोगीच नसते, दोन ॲक्सल सरळ चौकटीला. इंटरनेटवर फायली विकणारे ही दोन नावं सर्रास एकमेकांना चिकटवतात.

आता मापं. आयसीएफ बोगीच्या दोन ॲक्सलमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, २८९६ मिमी आणि नव्या चाकाचा व्यास ९१५ मिमी. एचओ म्हणजे १:८७, तेव्हा मॉडेलवर व्हीलबेस ३३.३ मिमी आणि चाक १०.५ मिमी. तुमच्याकडच्या अमेरिकन बोगीचा व्हीलबेस व्हर्नियरने मोजा, २० मिमीच्या आसपास निघेल. तेरा मिमी कमी! डोळ्याला हेच खुपतंय. काही जण ‘मालगाडीच आहे ना’ म्हणून बॉक्सएन या उघड्या मालडब्यांच्या रेकमधली कॅसनब बोगी उचलून लावतात. तिचा व्हीलबेस २००० मिमी, म्हणजे मॉडेलवर २३, आणि चाक १००० मिमीचं, म्हणजे साडेअकरा. ती भारतीय आहे एवढंच तिच्या बाजूने बोलता येईल.

व्हीलबेसनंतर बघायचा तो बोगीचा चेहरा. आयसीएफ बोगीत प्रत्येक ॲक्सलबॉक्सच्या दोन्ही बाजूंना एकेक उभी कॉइल स्प्रिंग असते आणि मधोमध बोल्स्टरच्या (डब्याचं वजन पेलणाऱ्या आडव्या तुळईच्या) जाड स्प्रिंगा खाली लोंबलेल्या आडव्या पट्टीवर बसलेल्या दिसतात. रचना मूळ स्वित्झर्लंडच्या श्लीरेन कंपनीची, त्यामुळे युरोपियन बोग्यांमध्ये तिची भावंडं सापडतील असं वाटतं. सापडतातही, पण मापात फसवतात. जर्मन मिंडेन-डॉइट्झ बोगी दिसायला बरी जवळची आहे, तिचा व्हीलबेस मात्र २५०० मिमी, म्हणजे एचओत २८.७. साडेचार मिमीची तूट बोगीसारख्या छोट्या वस्तूत लपत नाही. आपल्या नव्या एलएचबी प्रवासी डब्याच्या फियाट बोगीचंही तेच, २५६० मिमी. ती मॉडेलं देखणी असतात म्हणून मोह होतो. टाळा.

तयार मालातून काम भागवायचं तर माझी पसंती जरा आडवाटेची आहे: ब्रिटिश ओओ स्केलची बी४ बोगी, त्यांच्या मार्क टू डब्यांखालची. खरी बी४ साडेआठ फुटी, म्हणजे आयसीएफपेक्षा आखूड. पण ओओ स्केल १:७६ चं, त्यामुळे तिचं मॉडेल ३४ मिमीचं होतं. आपल्याला हवेत ३३.३. म्हणजे चुकीच्या देशाची, चुकीच्या स्केलची बोगी आणि फरक पाऊण मिमीसुद्धा नाही. कॉइल स्प्रिंगही आहेत. तोटा असा की मोठ्या स्केलची असल्याने फ्रेम थोडी जाडजूड दिसते, आणि चाकं १२ मिमी किंवा त्याहून मोठी येतात. ती काढून साडेदहाची घालायची. अमेरिकन बाजारात ३६ इंची म्हणून विकली जाणारी एचओ चाकं चालतात, कारण ३६ इंच म्हणजे ९१४ मिमी. चाक लहान झालं की डबा तेवढा खाली बसतो. १२ च्या जागी १०.५ घातलं तर पाऊण मिमी. पिव्हटखाली (बोगी ज्या खुंट्यावर वळते त्याखाली) वॉशर टाकून उंची परत आणा, नाहीतर कपलर जुळणार नाही. ॲक्सलची लांबीही मोजून घ्या. ब्रिटिश फ्रेमला साधारण २६ मिमीचा पिनपॉइंट, म्हणजे अणकुचीदार टोकांचा, ॲक्सल लागतो, त्याहून आखूड असला की चाकं डुगडुगतात.

रेझिन प्रिंटरवाला ओळखीचा असेल तर मात्र हा सगळा खटाटोप सोडा आणि साइडफ्रेम, म्हणजे बोगीच्या बाजूच्या चौकटी, मापात छापून घ्या. छापताना आपल्या ब्रॉडगेजची एक अडचण लक्षात ठेवा. १६७६ मिमीचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, एचओत १९.३ होतं, आणि आपण गाड्या पळवतो १६.५ च्या रुळावर. म्हणजे प्रत्येक चाक जवळजवळ दीड मिमी आत सरकलेलं असतं. अशा वेळी काही जण साइडफ्रेमही चाकांना चिकटवून आत घेतात, मग वरून रुंद डबा आणि खाली चिंचोळी बोगी असं ध्यान दिसतं. माझ्या मते चाकं आत राहू द्यावीत, फ्रेम आपल्या जागी बाहेरच ठेवावी. बाजूने बघणाऱ्याला गेज दिसत नाही, फ्रेम दिसते. रेझिनमध्ये पिनपॉइंट थेट फिरवू नका, भोक झिजतं. पितळी बेअरिंग कप बसवा.

बोगीची पिव्हट कुठे हवी हे छापलेल्या बॉडीच्या भोकांवरून ठरवू नका. खऱ्या डब्याचा बाजूने, अगदी काटकोनात घेतलेला फोटो मिळवा. त्यात बोगीचे दोन ॲक्सल दिसतात आणि त्यांच्यातलं अंतर तुम्हाला ठाऊक आहे, २८९६. तीच पट्टी धरून दोन बोग्यांच्या मध्यांमधलं अंतर काढा. फोटो तिरका असेल तर हा हिशोब फसतो. या डब्याला पायऱ्या असल्याने दोन-तीन मिमीचा फरकसुद्धा दिसतो, चाक पायरीच्या पुढे आलं किंवा मागे गेलं की लगेच कळतं.

पायऱ्यांचा दुसरा त्रास वळणावर. लांब व्हीलबेसची बोगी ३६० मिमी त्रिज्येच्या वळणात वळताना चाक पायरीला घासू शकतं. मी पायरीची आतली बाजू कानसने पातळ करतो, बाहेरून काही कळत नाही. शिवाय एक बोगी फक्त वळेल आणि पुढे-मागे डोलेल एवढीच सैल ठेवा, दुसरी चारी बाजूंना डोलू द्या. डबा डुलत नाही आणि आठही चाकं रुळावर टेकतात. रेकच्या शेवटी असल्याने पुढे ओढताना हा डबा क्वचितच घसरतो. यार्डात रेक मागे ढकलाल तेव्हा मात्र तोच सगळ्यात पुढे असतो, म्हणून वजन जमिनीलगत, दोन बोग्यांच्या मधे भरा.

आणि आत माणूस बसवणार असाल तर २०२२ पासून त्याचं अधिकृत पद ट्रेन मॅनेजर आहे, रेल्वेप्रेमी अजून गार्डच म्हणतात.