पान सांग, बाय

प्रिय बाय,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तुझी साखळीची बस सुटल्यावरही मी डिचोलीच्या स्टँडवर बराच वेळ थांबले होते. बसची वाट बघताना तू जे बोललीस ते मनातून जाईना. आदल्या तासाभरात आमच्या पुस्तकांवरच्या बैठकीत तू बेडेकरांच्या 'रणांगण'वर बोलली होतीस: "अप्रतिम कादंबरी, भाषा ओघवती, प्रत्येकाने वाचावी अशी." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पुढच्याची पाळी आली. आणि स्टँडवर मात्र छत्री मिटताना तू हळूच म्हणालीस, "टीचर, वाचताना म्हाका पप्पाचो हुसको लागलो."

हे तू बैठकीत का नाही बोललीस? विचारलं तर म्हणालीस, ते घरचं आहे, कादंबरीचं नाही.

बाय, तेच कादंबरीचं होतं. १९३९ सालचं ते एवढंसं पुस्तक. युरोपातून मुंबईला निघालेली बोट, तिच्यावर देश सुटलेले ज्यू, आणि आधीच्या प्रेमात पोळलेला, पुन्हा कशात गुंतायचं नाही असं ठरवून बसलेला चक्रधर. थोडे दिवस, एक डेक, आणि बंदर आलं की ज्याचा त्याने रस्ता धरायचा. तुझे पप्पा बोटीवर नोकरीला. तुझ्या घरी कॅलेंडरवर महिने मोजतात. जी माणसं जवळ येतात ती उतरून जाणार हे ठाऊक असताना जवळ यायचं कसं, हा प्रश्न तुला कुठल्याही समीक्षकाआधी कळलेला आहे. आणि तू सांगितलंस काय, तर भाषा ओघवती.

'ओघवती' हा शब्द खोटा नाही. पण तो कुठल्याही पुस्तकाला लागतो, म्हणून ऐकणाऱ्याच्या हाती काही पडत नाही. चाळीस वर्षं मी मुलांच्या वह्या तपासल्या. 'लेखकाने समर्पक शब्दांत चित्रण केले आहे' हे वाक्य आम्ही शिक्षकांनीच तुम्हाला पाठ करून दिलं, त्याला गुणही दिले. त्याचं मला खरोखर वाईट वाटतं.

तेव्हा आता माझं ऐक. मत सांगायचं तर आधी पान सांग. कुठे वाचताना थांबलीस? कुठे मागे जाऊन पुन्हा वाचलंस? कुठे कंटाळलीस? तिथून सुरुवात कर, मग पप्पांपर्यंत जा, पण तिथेच राहू नकोस, पुस्तकाकडे परत ये. चक्रधर असा तुटक का बोलतो, ते तुटक बोलणं वाचूनच हुसको का लागला, हे शोध. नुसतं घरचं सांगितलंस तर ती आठवण झाली, नुसतं पुस्तकाचं सांगितलंस तर परीक्षेतलं उत्तर. ये-जा केलीस की ते मत होतं.

आणि हुसको हा शब्द तसाच ठेव. मला माहीत आहे, तू मनात कोंकणीत विचार करतेस, मग त्याचं शुद्ध मराठी करतेस आणि मगच तोंड उघडतेस. तेवढ्यात अर्धं सांडतं. 'काळजी' म्हटलंस तर कमी पडतं, 'हुरहूर' म्हटलंस तर भलतंच गोड होतं. आमची बैठक मराठी, पण तिथे बसलेल्या प्रत्येकाच्या चुलीशी कोंकणीच बोलतात. १९८७ चा राजभाषा कायदा येण्याआधी या दोन भाषांवरून गोव्यात घराघरांत अबोला झालेला मी पाहिला आहे. तुझ्या पिढीने तो ओढून आणायचं काही कारण नाही.

सांगे तालुक्यात मी शिकवत होते तेव्हाची एक गोष्ट सांगते. धरणग्रस्तांवरची 'झाडाझडती' ही कादंबरी नुकतीच साहित्य अकादमी पुरस्काराची ठरली होती, १९९२ साली. मी ती वाचून भारावले होते आणि सगळ्यांना सांगत सुटले होते. आमच्या शाळेशेजारी एक म्हातारी राहायची, मूळची कुर्डीची. साळावली धरणाखाली कुर्डी गेलं, माणसं वालकिणी आणि वाडें या गावांत येऊन वसली, हे तू शाळेत शिकली असशील. तिला वाचता येत नव्हतं. तिचा पुतण्या रोज रात्री थोडी थोडी वाचून दाखवायचा. दोन महिन्यांनी मी विचारलं, कशी वाटली? ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आमचें गांव मे म्हयन्यांत उदकांतल्यान वयर येता. आमी दर वर्सा वचून पळयतात. पुस्तकांतल्या लोकांक तें मेळ्ळें ना."

मे महिन्यात पाणी ओसरलं की कुर्डीला अजूनही माणसं जमतात, सोमेश्वराच्या देवळाशी उत्सव होतो. तिने आपलं गाव कादंबरीशेजारी ठेवून पाहिलं आणि फरक कुठे आहे तो सांगितला: पुस्तकातल्या लोकांना असं परत जाऊन पाहायला मिळालं नाही. रडली नाही, थोरवी गायली नाही. मी त्या कादंबरीवर आठ पानं लिहिली होती, ती त्या रात्री फाडली आणि पुस्तक पहिल्यापासून वाचायला घेतलं. गाव बुडालेल्या माणसाकडे परत जाऊन पाहायला काय उरतं, हा एकच प्रश्न घेऊन.

नावडलं तेही असंच सांगायचं. मागच्या महिन्यात आपल्यातले एक काका 'कोसला'ला म्हणाले, "यात काही घडतच नाही," आणि तू लालबुंद होऊन गप्प बसलीस. त्यांना विचारायचं होतंस, नायकाच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मरणाच्या पानांवरही नाही? कदाचित ते म्हणाले असते, ती पानं सोडून. मग तुमचं दोघांचं बोलणं सुरू झालं असतं. वयाने मोठा माणूस बोलला म्हणजे मत मोठं होत नाही, पण उत्तर देताना आवाज चढवायचा नाही, एवढं सांभाळ. आणि पुस्तक अर्धं सोडलं असेल तर अर्धं सोडलं म्हणून सांग. कुठल्या पानावर सोडलं तेही.

शेवट मात्र फोडू नकोस. 'रणांगण'मधल्या हॅर्टाचं पुढे काय होतं ते तू रविवारी सांगून टाकलंस, आणि समोरच्या मुलीने हातातलं पुस्तक मिटून पिशवीत टाकलं, ते मी पाहिलं.

पुढच्या बैठकीला 'कार्मेलीन' घे. दामोदर मावजोंची १९८१ ची कोंकणी कादंबरी, घर सोडून कुवेतला घरकामाला गेलेल्या बाईची. कोंकणी पुस्तक मराठी बैठकीत कशाला, असं कुणी विचारलं तर मी उत्तर देईन. माझी प्रत बाहेरच्या खोलीतल्या कपाटात आहे, पानं सुटली आहेत, जपून हाताळ.

पप्पांची बोट सध्या कुठल्या बंदरात आहे? फोन आला की त्यांना विचार, डेकवर भेटलेली माणसं उतरल्यावर एकमेकांना पत्रं लिहितात का. ते काय म्हणाले ते मला येऊन सांग.

आईला नमस्कार.

तुझी
टीचर