पुराची वही

शिरोळ तालुक्यातल्या एका शिक्षक वडिलांचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं : मुलगी बारावी सायन्सला, अकरावीत 58 टक्के. सीईटीच्या क्लासची फी भरून झाली आहे. मुलीला मात्र ‘मीडिया आणि आपत्ती व्यवस्थापन’ असलं काहीतरी करायचंय. जुलै 2024 च्या पुरात ती पुस्तक बाजूला ठेवून दिवसभर पाण्याचे फूट बघत होती, वहीत लिहीत होती, गल्लीच्या ग्रुपवर टाकत होती. एकदा तर ‘धरण फुटलं’ असा कुठलातरी जुना व्हिडिओ तिने पुढे ढकलला आणि शेजारच्या आजींची शुगर वाढली. “लोक बुडताना शूटिंग करणाऱ्यांच्या धंद्यात मुलीला घालू का? तुम्हीच तिला समजवा. तिचा मोबाईल आणि ती वही सध्या मी कपाटात कुलूप लावून ठेवली आहे.”

सर, तुमचं पत्र चार पानी आहे. त्यातली तीन पानं टक्के, फी आणि ‘स्टाफरूममध्ये काय सांगू’ यावर खर्ची पडलीत. वहीवर एकच ओळ आहे आणि मी तिथेच अडकले.

58 टक्क्यांची मला फारशी काळजी वाटली नाही. अकरावीत निम्मी मुलं आपटतात. काळजी वाटली ती कुलपाची. मोबाईल काढून घेतलात, ठीक. बारावीच्या वर्षात घरोघरी तेच चालतं. पण वही? मास्तरांनी पोरीची वही कुलपात ठेवल्याचं इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा ऐकलं. ती उघडून पाहिलीत का? तक्रारीच्या ओघात तुम्हीच लिहिलंय की, डावीकडे ती पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी आणि वेळ टिपते, आणि उजवीकडे ‘मारुतीची तिसरी पायरी’, ‘डेअरीचा उंबरा’ असलं काहीबाही. सर, ते काहीबाही नाही. कोल्हापुरात बंधाऱ्याला अमुक फूट झाले की किती तासांनी आपल्या गल्लीत पाणी कुठवर येतं, याचा तो तक्ता आहे. सतरा वर्षांच्या मुलीने तो कुणी न सांगता मांडला. पूर्वी शिवाजी पुलाला ‘मच्छिंद्री’ (पुराची जुनी खूण) झाली की कोल्हापूर काय ते समजायचं, नृसिंहवाडीला दक्षिणद्वार झालं, म्हणजे दत्तमंदिरात शिरलेलं पाणी दक्षिणेच्या दाराने बाहेर पडलं, की खालची गावं सावध व्हायची. पायऱ्या मोजताना तुमची लेक तेच करते आहे, फक्त लिहून ठेवते आहे.

आता तुमचा एक गैरसमज. तो बहुधा तिचाही असेल. आपत्तीत माध्यमांचं काम म्हणजे कमरेएवढ्या पाण्यात माईक घेऊन उभं राहणं, असं तुम्ही धरून चालला आहात. तो प्रकार मलाही सहन होत नाही. बोटीतून नुकत्याच उतरलेल्या म्हातारीला ‘आता कसं वाटतंय’ विचारणाऱ्याला कुणीतरी त्याच बोटीत बसवून परत पाठवावं. इथे आपलं एकमत आहे. पण पाणी दारात आल्यावर जे चालतं ते फार तर वार्तांकन झालं. जीव वाचतात ते त्याआधीच्या एक-दोन दिवसांत, आणि तेव्हा कॅमेऱ्याला दाखवायला काहीच नसतं. राजाराम बंधाऱ्याला 39 फुटांना इशारा आणि 43 ला धोका, हे कोल्हापुरात शेंबड्या पोराला पाठ असतं. पण तुमच्या गावातल्या शेतकऱ्याला 43 चं काय करायचंय? म्हशी आज हलवायच्या की उद्या, एवढंच त्याला हवं असतं. आकडा आणि म्हैस यांच्यामधलं ते अंतर भरून काढणं हे खरं काम. ते कधी वर्तमानपत्रातल्या चौकटीतून होतं, कधी रेडिओवरून, कधी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून, तर कधी गल्लीच्या ग्रुपवरून.

हे काम वाईट झालं तर काय होतं, तेही तुमच्याकडे दर पावसाळ्यात दिसतं. ‘राधानगरीचे दरवाजे उघडले’ अशी पट्टी फिरली की पळापळ सुरू. ते दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात. एका दरवाजातून साधारण 1428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट, पाणी जातं. एकच उघडला का सातही उघडले, आणि त्या वेळी पंचगंगा आधीच किती चढलेली आहे, हे न सांगता नुसतं ‘उघडले’ एवढंच म्हणणं म्हणजे गावाला घाबरवणं. रेड अलर्टचंही तसंच. हवामान खात्याच्या भाषेत पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. पण कोल्हापूरच्या इशाऱ्यात बऱ्याचदा घाटाचा भाग वेगळा धरलेला असतो. बातमीत येता येता तो ‘घाट’ गळतो. मग शिरोळला ऊन पडलेलं असतं, लोक हवामान खात्याला हसतात, आणि गगनबावड्याकडे कोसळलेलं पाणी नंतर निवांत दारात येतं. शिरोळला पूर यायला शिरोळात पाऊस लागत नाही, हे एका वाक्यात सांगू शकणारा बातमीदार मला आजवर क्वचित भेटला.

याने खरंच फरक पडतो का, असं तुम्ही विचाराल. ओडिशा बघा. ऑक्टोबर 1999 च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसं गेली. ऑक्टोबर 2013 मध्ये ‘फायलिन’ आलं, तेही भयंकर होतं. त्याच्या आधी लाखो लोक किनाऱ्यावरून हलवले गेले आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. निवारे बांधले, यंत्रणा उभी केली, हे सगळं खरं. पण घर सोडा म्हटल्यावर माणूस घर सोडतो तो सांगणाऱ्यावर विश्वास असला तर. तो विश्वास वादळाच्या दिवशी तयार होत नाही.

आता थोडं मुलीशी.

बाळ, तो ‘धरण फुटलं’वाला व्हिडिओ. वडिलांनी रागाने लिहिलंय, पण या एका मुद्द्यावर मी त्यांच्या बाजूने आहे. जुलै 2005 मध्ये मुंबईत 26 तारखेच्या पावसानंतर नेहरूनगरच्या वस्तीत अशीच अफवा पसरली, लोक अंधारात पळाले आणि चेंगराचेंगरीत माणसं मेली. ती पाण्याने गेली नाहीत, बातमीने गेली. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 च्या कलम 54 मध्ये खोटा इशारा पसरवून घबराट माजवणाऱ्याला एक वर्षापर्यंतची शिक्षा आहे. तुला घाबरवायला हे सांगत नाही. ज्या ग्रुपवर तू पायऱ्यांचा हिशोब देतेस, त्याच ग्रुपवर तो व्हिडिओ गेला. पुढच्या वेळी तुझी पायरी कोण खरी मानेल? ग्रुपवर चूक कबूल केलीस का? केली नसशील तर मोबाईल मिळाल्यावर पहिला मेसेज तोच कर.

वहीतही एक उणीव आहे. तू फक्त राजाराम बंधारा टिपतेस. तुमच्याकडे पंचगंगा एकटी येत नाही, कृष्णाही येते. सांगलीच्या आयर्विन पुलाची पातळी (40 ला इशारा, 45 ला धोका) आणि कोयनेचा विसर्ग यांचे दोन रकाने वाढव. काही पायऱ्यांचं गणित चुकल्यासारखं वाटत असेल, तर कारण तिथे सापडेल.

कोर्सबद्दल दोघांनाही सांगते, आणि हे तिला आवडणार नाही. बारावीनंतर लगेच मास मीडियाच्या पदवीला जाऊ नकोस. कॅमेरा धरणं सहा महिन्यांत येतं. नकाशा वाचणं, पर्जन्यमानाचा तक्ता समजणं, शंभर वर्षांतून एकदाचा पूर म्हणजे शंभर वर्षं निवांत नव्हे हे कळणं, त्याला वेळ लागतो. भूगोल किंवा संख्याशास्त्र घेऊन पदवी कर, मराठी सोडू नकोस. सीईटी दे, फी भरलीच आहे. सिव्हिल मिळालं आणि रुचलं, तर पुराचं गणित तिथेही आहे. पत्रकारिता पदवीनंतर : शिवाजी विद्यापीठ घराजवळ आहे, पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट आहे, आयआयएमसीच्या (भारतीय जनसंचार संस्थेच्या) अमरावती केंद्रात मराठी पत्रकारिता आहे. आपत्ती व्यवस्थापनात एमए करायचं तर मुंबईचं ‘टिस’ (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस), त्यासाठी सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा. एमपीएससी कुठे पळून जात नाही.

पैशाचं खोटं सांगणार नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी नवख्या बातमीदाराला जे मिळतं ते ऐकून, सर, तुम्ही दुसरं कुलूप आणाल. पण हवामान, पाणी आणि नकाशा कळणारी, वर चांगलं मराठी लिहिणारी माणसं फार थोडी आहेत. वृत्तसंस्था, प्राधिकरणं, मदतकार्य करणाऱ्या संस्था, सगळीकडे ती लागतात. सुरुवात हळू होईल, एवढं गृहीत धरा.

तिला समजवा असं तुम्ही मला सांगितलंत. ते मी करणार नाही, कारण तिला पुष्कळ समजतं. तुमच्याकडे मात्र एक काम आहे. पत्राच्या शेवटी तुम्ही ओझरतं लिहिलंय की, 2019 आणि 2021 ला, राजारामची पातळी 55 फुटांच्या वर गेली तेव्हा, तुमच्या शाळेत छावणी होती आणि येणाऱ्यांची नावं तुम्हीच उतरवून घेत होतात. म्हणजे कोणत्या गल्लीतली माणसं कोणत्या दिवशी, किती वाजता घराबाहेर पडली हे तुम्हाला माहीत आहे. तिच्या वहीत ती दोन वर्षं नाहीत, तेव्हा ती लहान होती. कपाट उघडाल तेव्हा तिच्याकडून पेन्सिल मागून घ्या आणि ती पानं भरून द्या.