गाठ २६ मिलिमीटरची, हप्ते दहा वर्षांचे

प्रश्न: वय ६१, निवृत्त. मूत्रपिंडात २६ मिलिमीटरची गाठ निघाली आहे. डॉक्टर रेडिओफ्रिक्वेन्सी ॲब्लेशन (सुईने उष्णता देऊन गाठ जाळणं) सुचवतात. खर्चाच्या दुप्पट रकमेची एफडी आहे. ती मोडू की कर्ज काढू? एजंट कर्करोग विमा आणि बचत एकत्र असलेली पॉलिसी देतो आहे. वर्षाचा हप्ता उपचाराच्या खर्चाच्या पाव, दहा वर्षं. तो म्हणतो, रिपोर्ट दाखवू नका, बायोप्सी आत्ता करू नका, वर्षभर थांबा. मुलीच्या कंपनीच्या समूह विम्यात माझं नाव आहे.

उत्तर: कर्जापेक्षा एफडी मोडलेली बरी, पण आधी समूह विम्याचं बघा, ते शेवटी येईलच. कर्जावरचं व्याज ठेवीवरच्या व्याजापेक्षा जास्तच असणार. तुमचा प्रश्न इथे संपला. मला काळजी आहे ती एजंटच्या सल्ल्याची.

उपचार १०० धरला तर एफडी २००. हप्ता २५, दहा वर्षांचे २५०. म्हणजे सगळी एफडी ओतली तरी हप्ते पुरे होत नाहीत! आणि मिळणार काय? गाठीचा रिपोर्ट तारखेसकट रुग्णालयात आहे. क्लेम आला की विमा कंपनी जुने कागद मागवते. ठाऊक असलेला आजार लपवला हे दिसलं की क्लेम गेला, बहुधा हप्तेही गेले. असा सल्ला देणाऱ्याला पुन्हा दारात उभं करू नका.

बायोप्सी टाळणं तर सरळ तोट्याचं. एवढ्या लहान गाठींपैकी साधारण पाचात एक कर्करोगाची नसते. तुमची तशी निघाली तर कदाचित हे १०० खर्चच होणार नाहीत.

वर्षभर थांबण्याचंही गणित बघा. या गाठी सरासरी वर्षाला २-३ मिलिमीटर वाढतात, काही त्याहून वेगाने. सुईच्या टोकाशी ६० अंशांच्या वर उष्णता देऊन पेशी मारायच्या, ही पद्धत ३ सेंटिमीटरपर्यंत उत्तम चालते. पुढे गाठ उरण्याची शक्यता वाढते आणि मग शस्त्रक्रियेकडे वळावं लागतं. काही आठवडे गेले तर घाबरू नका. डॉक्टर स्वतः नुसती देखरेख सुचवत असतील तर तेही योग्य असू शकतं, पण तो निर्णय डॉक्टरांचा. पॉलिसीच्या प्रतीक्षाकाळासाठी (सुरुवातीचा काळ, ज्यात क्लेम मिळत नाही) थांबू नका.

‘एकदा जाळली की सुटलो’ असंही धरू नका. शस्त्रक्रियेच्या तुलनेत इथे गाठ त्याच जागी परतण्याचं प्रमाण थोडं जास्त आहे. तशी परतली तर बहुतेकदा पुन्हा जाळता येते. पहिला स्कॅन काही महिन्यांत, मग निदान पाच वर्षं ठरावीक अंतराने. म्हणून उरलेल्या १०० पैकी ५० यासाठी बाजूला ठेवा, सहज काढता येतील असे.

शेवटच्या ओळीत तुम्ही समूह विम्याचा उल्लेख ओझरता केलात, खरा पैसा तिथे असू शकतो. या उपचारात अनेकदा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात, आणि काही पॉलिसी २४ तास दाखल असण्याची अट घालतात. डे-केअर यादीत (२४ तास दाखल न राहताही खर्च मिळतो अशा उपचारांच्या यादीत) ॲब्लेशन आहे का, बायोप्सी आणि नंतरचे स्कॅन धरतात का, हे मुलीला कंपनीकडून लेखी मागवायला सांगा. उत्तर येईपर्यंत एफडीला हात लावू नका.