दुबईत नवीन आहात आणि लहान मूल घेऊन मॉलला निघालाय?

घाबरू नका, जमतं. उन्हाळ्यात इथे मॉल हीच बाग, त्यामुळे सवय करावीच लागते. सुरुवातीला एवढंच पाळा:

१. दुबई मॉलपासून सुरुवात करू नका. बाराशेच्या वर दुकानं आहेत, मूल आणि तुम्ही दोघंही दमाल. आधी घराजवळचा छोटा मॉल.

२. शनिवार-रविवारची संध्याकाळ टाळा. आठवड्यातली सकाळ, मॉल उघडताच, उत्तम. स्ट्रोलर मोकळा फिरतो, लिफ्टला रांग नसते. (स्ट्रोलर घेऊन सरकत्या जिन्यावर अजिबात चढायचं नाही, कितीही घाई असो.)

३. स्वेटर न्या. बाहेर ४० अंश आणि आत कडाक्याचा एसी. नवीन आलेले बहुतेक सगळे इथेच चुकतात. डब्यात थोडा मऊ भात किंवा पोळीचे तुकडेही असू द्या. फूड कोर्टात तिखट नसलेलं मिळेपर्यंत मूल रडून थकतं.

४. मुलाच्या खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी. पार्किंगच्या खांबाचा फोटो काढा, 'लक्षात राहील' म्हणू नका.

दुबई मॉलला जाल तेव्हा मत्स्यालयाचं तिकीट लगेच काढू नका. ती भली मोठी काच बाहेरूनच फुकट दिसते, आणि दोन वर्षांच्या मुलाला तेवढं पुष्कळ होतं. मेट्रोने गेलात तर स्टेशनपासून मॉलपर्यंतचा बंद पूल बराच लांब आहे, तेव्हा स्ट्रोलर हवाच.

खेळण्यांचे झोन, वार्षिक पास वगैरे नंतर बघू. पहिल्या वेळी दीड तासात परत फिरा, मूल हसत असतानाच.