हजारातलं एक: कोबुर्गच्या 20 मार्कबद्दल

अनेक आशीर्वाद.

साक्से-कोबुर्ग-गोथा या छोट्या जर्मन राज्याचं 1872 चं 20 मार्कचं सोन्याचं नाणं संग्रहात हवं, असं तू लिहिलंस. निवड चांगली आहे, पण सुरुवात तिथून करू नकोस. हे नाणं फक्त 1,000 पाडलं गेलं. येगर या जर्मन नाण्यांच्या सूचीत क्रमांक 270 म्हणून ते ओळखतात, आणि प्रत्येक राज्यकर्त्याचं एकेक नाणं जमवणाऱ्यांचं घोडं बहुतेक वेळा इथेच अडतं.

आधी हे नाणं आलं कुठून ते बघ. 4 डिसेंबर 1871 च्या कायद्याने साऱ्या जर्मन साम्राज्यासाठी एकच माप ठरलं: 500 ग्रॅम शुद्ध सोन्यातून 10 मार्कची 139.5 नाणी. त्यावरून 20 मार्कचं वजन 7.965 ग्रॅम येतं. हजारात 900 भाग सोनं, बाकी तांबं, व्यास 22.5 मिलिमीटर. मागच्या बाजूचा गरुड सर्वांना सारखा, पुढची बाजू मात्र त्या त्या राज्याची. कोबुर्गची स्वतःची टांकसाळ तेव्हा चालू नव्हती, म्हणून ड्यूक दुसरा एर्न्स्ट याचं नाणं ड्रेस्डेनला पडलं आणि ड्यूकच्या चेहऱ्याखाली त्या टांकसाळीचं ‘ई’ हे अक्षर आलं.

म्हणून माझा सल्ला: पहिल्यांदा साक्सोनीचा राजा योहान याचं 1872 चं, ‘ई’ अक्षराचं 20 मार्क घे. ते भरपूर पाडलं गेलं, त्यामुळे तुलनेनं स्वस्तात मिळतं. तीच टांकसाळ, तेच वर्ष, तोच गरुड, खाली ‘20 एम.’ असं आखूड लिहिलेलं. (1874 पासून ‘मार्क’ पूर्ण लिहू लागले.) कडेवर ‘गॉट मिट उन्स’ ही अक्षरं खोलगट दाबलेली. हे नाणं भिंगाखाली इतकं बघ की गरुडाची पिसं डोळे मिटून आठवली पाहिजेत. दुर्मिळ नाणं हाती येईल तेव्हा तुलनेला हाच भाऊ उपयोगी पडेल.

आता तपासणी. 0.01 ग्रॅम दाखवणारा काटा घे. त्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य कर. नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडव, पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नकोस. काट्यावर साधारण 0.46 ग्रॅम दिसले पाहिजेत. 7.965 ला त्याने भागलं की घनता 17.3 च्या आसपास येते. नाण्याला हवेचे बुडबुडे चिकटले तर आकडा फुगतो आणि चांगलं नाणं खोटं ठरतं, 0.1 ग्रॅमच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तर हा प्रयोग करूच नये.

पण घनता बरोबर आली म्हणून नाचू नकोस. गेल्या शतकात संग्राहकांसाठी केलेली कितीतरी बनावट नाणी चांगल्या सोन्याचीच आहेत. जिथे किंमत सोन्याच्या कित्येक पट, तिथे सोनं वाचवून बनवणाऱ्याला काय मिळणार? तिथे बघायचा तो ठसा: अक्षरांच्या कडा गोलसर, सपाट भागावर बारीक पुटकुळ्या, किंवा दोन वेगळ्या नाण्यांवर नेमक्या त्याच जागी तोच खळगा. शेवटची खूण सर्वांत वाईट.

दुसरा धोका दागिन्याचा. अशी नाणी पदकासारखी गळ्यात घातली जात. कडी काढून झाळलेली जागा घासली, की चेहऱ्याच्या डोक्यावरच्या बाजूला कड सपाट होते आणि तिथली अक्षरं पुसट होतात. जर्मन लिलावात याला ‘हेंकलश्पुअर’ म्हणतात. वर्णनात हा शब्द दिसला तर किंमत बरीच खाली हवी. आणि कुणी कितीही आग्रह केला तरी नाणं सराफाच्या कसोटीवर घासू देऊ नकोस, रिठ्याने धुऊ नकोस.

एवढ्या कमी नाण्यांत मागच्या मालकांचा माग लागण्याची शक्यता असते. हायडेलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयाने जुन्या लिलावांच्या याद्या जालावर मोफत ठेवल्या आहेत. जुन्या पानांवरची चित्रं बरेचदा प्लास्टरच्या छापांवरून घेतलेली असतात, त्यामुळे रंग जुळवायला जाऊ नकोस. काठावरचे ओरखडे आणि खाचा जुळव. एक खाच जुळली तर योगायोग, तीन जुळल्या तर तेच नाणं.

हेच घराणं हवं पण खिसा साथ देत नसेल, तर एर्न्स्टचंच 1886 चं (20,000) किंवा पुतण्या आल्फ्रेडचं 1895 चं (10,000) बघ. दोन्ही बर्लिनची, ‘ए’ अक्षराची. हा आल्फ्रेड म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा दुसरा मुलगा. तो 1870 मध्ये मुंबईला आला, त्याची आठवण म्हणून रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम बांधलं गेलं. आज तिथे महाराष्ट्र पोलिसांचं मुख्यालय आहे.

खरेदीआधी एक गोष्ट पक्की ठरव. आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शंभर वर्षांपुढचं नाणं पुरावस्तू ठरतं आणि ते खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. एकदा घरी आणलंस की पुढे म्युनिकच्या लिलावात विकू, हा विचार सोडावा लागेल.

योहान हाती आला की पाण्यातला आकडा कळव. 0.45 ते 0.47 च्या बाहेर गेला तर आधी बुडबुडे तपास, आणि तरीही तसाच राहिला तर नाणं परत करायची मुदत संपण्याआधी लिही.