मी ब्रँडचा ओरिजिनल माल विकतो, मग वेबसाइटच्या नावात तो ब्रँड घातला तर काय बिघडतं?

नका घालू. खरं तर एवढं उत्तर पुरे आहे, पण तुमचा प्रश्न वाचला आणि जुनं दुखणं वर आलं, म्हणून लिहितोय.

तुम्ही म्हणता, अलिबागला वॉटर प्युरिफायरचं दुकान आहे, डीलरशिप नाही, पण माल बिलासकट आणि ओरिजिनल. डोमेनमध्ये, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्यात, कंपनीचं नाव आणि पुढे 'अलिबाग' घालायचं, कारण लोक गुगलवर तेच टाकतात. अगदी हाच मुद्दा माझा चुलतभाऊ आमच्या घरात मांडत होता. तो पुण्याला आयटीत आहे. माझं मालवणात आउटबोर्ड इंजिनांच्या, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावतात त्या इंजिनांच्या, दुरुस्तीचं आणि स्पेअर पार्टचं दुकान, वडिलांनी सुरू केलेलं. भावाने हौसेने वेबसाइट करायला घेतली आणि नाव ठरवलं: इंजिनकंपनीचं नाव, त्याला जोडून 'स्पेअर्स', त्याला जोडून 'मालवण', शेवटी डॉट इन. मी म्हटलं दुकानाचं नाव घाल. तो म्हणाला, "दादा, तुझं दुकान कोण शोधतंय? इंजिन शोधतात लोक." वडील काउंटरमागून एकच वाक्य बोलले, "आपल्या दुकानाक लोकांचा नाव कित्याक?" दोन मतं विरोधात असूनही नाव त्याचंच पडलं, कारण पासवर्ड त्याच्याकडे.

चाललं मात्र जोरात, हे कबूल करायला हवं. हर्णैहून, मिरकरवाड्याहून, पार कारवारहून फोन यायला लागले. बिलबुकावर तोच पत्ता छापला, टेम्पोच्या मागे रंगवला, दुरुस्त झालेल्या प्रत्येक इंजिनाच्या टोपणावर स्टिकर मारले.

मग एका जूनमध्ये मेल आली. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे आमचा सीझन. अख्ख्या किनाऱ्याची इंजिनं तेव्हाच उघडली जातात. टेबलावर एक खोललेलं पडलं होतं, हातात त्याचा इंपेलर. इंजिनातून पाण्याची धार पडत नसली की पहिला हाच बघायचा, समुद्राचं पाणी ओढून इंजिन थंड ठेवणारं रबरी चाक. याच्या पाकळ्या एका बाजूला वाकून कडक झालेल्या. तसाच ग्रीसचा हात मोबाईलला लावला. कंपनीच्या दिल्लीच्या वकिलाचं पत्र, सोबत आमच्या वेबसाइटच्या पानांचे फोटो: डोमेन आमच्या नावावर करा, नाव वापरणं थांबवा, नाहीतर कारवाई.

भाऊ पेटला. आपण ओरिजिनल माल विकतो, लढू या. गेली कित्येक वर्षं प्रत्येक गणपतीत तो हेच ऐकवतो, की मी भ्यालो.

आता भ्यालो की नाही ते तुम्हीच ठरवा. ट्रेडमार्क कायदा १९९९ चा. त्याच्या कलम ३० मध्ये आपल्यासारख्यांच्या सोयीच्या दोन गोष्टी आहेत. एक, रीतसर विकत घेतलेला माल पुढे विकला तर ते उल्लंघन नाही. मात्र मालाची अवस्था बदललेली किंवा बिघडलेली असेल, तर कंपनी हरकत घेऊ शकते. दोन, स्पेअर पार्ट कुठल्या मशीनला बसतो हे सांगायला ब्रँडचं नाव घेता येतं, जेवढी रास्त गरज असेल तेवढं. 'अमुक इंजिनाला बसणारा इंपेलर' हे लिहावंच लागतं, नाहीतर गिऱ्हाइकाला कळणार कसं? पण त्याच कायद्याचं कलम २९ पोटकलम ५ वाचा. नोंदलेला ट्रेडमार्क, ज्या मालासाठी तो नोंदलाय त्याच मालाच्या धंद्याच्या नावात किंवा नावाच्या भागात वापरला, तर ते उल्लंघन. माल विकणं वेगळं आणि दुकानाचं बारसं त्यांच्या नावाने करणं वेगळं. भाऊ पहिलं कलम वाचतो आणि दुसऱ्याशी पोचायच्या आत लॅपटॉप मिटतो.

आणि डोमेन म्हणजे नुसता पत्ता, नाव नव्हे, ही पळवाट तर कधीच बुजली. याहूने 'याहूइंडिया'वाल्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयातून मनाई मिळवली ती १९९९ मध्ये. २००४ मध्ये 'सिफी' आणि 'सिफ्फी' या दोन कंपन्यांच्या डोमेनच्या भांडणात सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की डोमेनच्या नावालाही ट्रेडमार्कसारखंच संरक्षण आहे. पुढे 'अलिबाग' किंवा 'मालवण' जोडल्याने सुटका होत नाही. उलट वाचणाऱ्याला ती कंपनीची अलिबाग शाखाच वाटते, आणि खरं सांगा, तसं वाटावं म्हणूनच आपण ते जोडतो ना?

भावाची हुकमाची पानं दोन. पहिलं 'ओकीडेटा'चं, डोमेनची भांडणं सोडवणाऱ्या जागतिक लवादाचा २००१ चा निकाल. प्रिंटरचे पार्ट विकणाऱ्याने कंपनीच्या नावापुढे 'पार्ट्स' लावून डोमेन घेतलं आणि जिंकला. हा निकाल तो मला इतक्यांदा फॉरवर्ड करतो की शेवटी मी बसून वाचला. जिंकला तो चार अटींवर. माल खरोखर विकायला हवा. साइटवर फक्त त्याच ब्रँडचा माल हवा. कंपनीशी आपलं नातं काय ते स्पष्ट लिहिलेलं हवं. आणि त्या ब्रँडची सगळी डोमेन अडवून ठेवलेली नकोत. शिवाय तो त्यांचा अधिकृत दुरुस्तीवाला होता. आमच्या साइटवर काय होतं? भावाने वर कंपनीचा लोगो लावलेला, रंग त्यांचाच, फोटो त्यांच्याच साइटवरून उचललेले, आणि खाली कंपनीच्या इंपेलरशेजारी निम्म्या किमतीचा लोकल इंपेलर! दुसरी अट तिथेच बुडाली. लोकल माल ठेवायलाच लागतो, रापण ओढणाऱ्या सगळ्याच मच्छीमारांना कंपनीचा परवडत नाही, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण कंपनीच्या नावाच्या दुकानात तो ठेवायचा नाही, एवढी अक्कल हवी.

दुसरं पान लेक्ससचं. अमेरिकेत त्या गाड्यांच्या दलालांनी डोमेनमध्ये लेक्सस घातलं, लेक्सस ब्रँड टोयोटाचा, तिने कोर्टात खेचलं, २०१० मध्ये अपिलाच्या न्यायालयाने सरसकट मनाई जास्तच ताणलेली आहे म्हणून उचलली. बरोबर. पण तोवर त्यांनी लोगो काढला होता आणि कंपनीशी संबंध नसल्याचं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. शिवाय निकाल अमेरिकेतला. ओरोसच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या कोर्टात तो वाचून दाखवला तर न्यायाधीश चष्म्यावरून बघतील. तेसुद्धा दावा ओरोसला लागला तर. कंपनीला काही अटींवर, ती जिथे धंदा करते तिथल्या कोर्टात जाता येतं. म्हणजे बंदीच्या सीझनला दुकानाला कुलूप लावून दिल्लीच्या तारखा मीच करायच्या, पुण्यातून मेल पाठवणाऱ्याने नव्हे.

कोर्टाशिवायही रस्ता आहे. डॉट कॉमसाठी जागतिक लवाद, डॉट इनसाठी आपल्याकडचा. डॉट कॉमच्या लवादात कंपनी साधारण १,५०० डॉलर भरते, तुम्हाला उत्तराला २० दिवस मिळतात, आणि निकाल डोमेन काढून घ्यायचा किंवा रद्द करायचा. भरपाई तिथे मिळत नाही, हेच काय ते समाधान. मोठ्या कंपनीला ती रक्कम म्हणजे चहापाणी.

आम्ही डोमेन देऊन टाकलं. त्रास पुढे झाला. बिलबुकं रद्दी, टेम्पो परत रंगवला, पण इंजिनांवरचे स्टिकर कसे काढणार? ती इंजिनं समुद्रात. कित्येक महिने जुनी गिऱ्हाइकं तो पत्ता टाकायची आणि थेट कंपनीच्या पानावर जायची. कोकणातल्या माणसाला हे समजावायला नको: कलमं आम्ही लावली, शिंपणं आम्ही केलं, सातबारा त्यांचा.

तुमच्यापुरतं म्हणाल तर दुकानाचं स्वतःचं नाव घ्या आणि ब्रँड आतल्या पानांवर साध्या अक्षरांत लिहा. लोगो नको. गुगलवर आतलं पानही वर येतं, आमचं येतं. 'आम्ही कंपनीचे अधिकृत विक्रेते नाही' हे पहिल्याच पानावर दिसेल असं लिहा. बाहेरून आणलेले सॅमसंगचे प्रिंटर विकणाऱ्याला दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१२ मध्ये विकायची मुभा दिली तीसुद्धा अशाच अटीवर: माल आयात केलेला आहे, वॉरंटी आणि सर्व्हिस सॅमसंगची नाही, हे ठळक लावा. फेसबुक पेजच्या नावालाही हेच लागू. उद्या डीलरशिप मिळाली तरी वितरकाच्या तोंडी 'घ्या हो नाव' वर जाऊ नका, कंपनीचं लेखी घ्या, आणि डीलरशिप संपल्यावर नावाचं काय होणार ते कागदावर बघून सही करा. डोमेन कुणाच्या मेलवर नोंदतोय तेही बघा, भावाबिवाच्या नको.

मी वकील नाही. तुमची साइट एकाच ब्रँडची आणि स्वच्छ असेल तर वकील कदाचित वेगळं सांगेल, आणि प्रत्येक कंपनी नोटीस काढतेच असंही नाही. पण आलीच, तर त्याच रात्री स्वतः इंग्रजीत उत्तर ठोकू नका. आमच्या पुणेकराने मला न विचारता लिहिलं होतं, 'आम्ही तुमचे कोकणातले भागीदारच आहोत.' दुसऱ्या पत्रात त्यांनी तेच वाक्य अधोरेखित करून पाठवलं, की बघा, हे स्वतःला आमचे भागीदार म्हणवतात.